भाडेकरूला भाचा म्हणणारं घर

ती सकाळ माझ्या मनातून अजून गेलेली नाही. मी तेव्हा नागपूरला फौजदार होतो. ठाण्यात हजेरी संपत आली होती, तेवढ्यात एक तरुण शिक्षक आत आला. हुडकेश्वरला भाड्याने राहत होता.

"साहेब, आमचे घरमालक आज दुपारी घर विकून राहिले. अर्ध्या किमतीत! एक इन्कमटॅक्सवाला त्याईले भेव दाखवते. काकू तर रडूनच राहिल्या."

घरमालक हिंगण्याच्या कारखान्यात कामगार. पतपेढीचं कर्ज काढून त्याने घर बांधलं होतं, आणि हप्त्याला हातभार म्हणून मागच्या दोन खोल्या भाड्याने दिल्या होत्या. मी शिपाई पाठवून नवराबायकोला बोलावून घेतलं.

"मागे कोण राहतं?"

"माह्या बहिणीचा पोरगा आहे जी."

"मग घर काहून विकता?"

"मन झालं, साहेब."

नव्या वस्त्यांत तेव्हा हा रिवाजच होता. भाडेकरूला नातेवाईक म्हणायचं, पावती द्यायची नाही, म्हणजे कर लागत नाही अशी समजूत. आता तक्रार द्यायची तर भाडेकरू कबूल करावा लागणार, म्हणून तो भाच्याचीच गोष्ट रेटत होता.

हवालदारांनी आवाज चढवला. मी त्यांना थांबवलं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. कराचं मलाही फारसं कळत नव्हतं, पण सरकारी कागदाची भीती मी घरात पाहिली होती. करवकील असलेल्या एका वर्गमित्राला फोन लावला आणि त्याने सांगितलं ते त्या माणसाला समजावलं.

भाडं घेणं गुन्हा नाही. मिळालेल्या भाड्यातून भरलेली घरपट्टी वजा होते, दुरुस्तीसाठी तेव्हाच्या नियमाने सहावा हिस्सा सुटतो, घरासाठी काढलेल्या कर्जाचं व्याजही वजा होतं. मुद्दल मात्र नाही. उरेल ते पगारात मिळवायचं. बेरीज मर्यादेच्या आत असेल तर कर लागत नाही. काही चुकलंच तर आधी लेखी नोटीस येते. आणि कर्जापोटी गहाण असलेलं घर पतपेढीच्या संमतीशिवाय विकायचं नसतं.

"मंग मले जेलात नाही टाकत?"

"नाही गा."

बायको उसळली, "आता तरी बोला! घर गेल्यावर बोलान का?"

"भाडेकरूच आहे, साहेब," तो कसाबसा म्हणाला. "त्या इन्कमटॅक्सवाल्यानं हेरलं. म्हणे नोकरी जाईन, घर सरकारजमा होईन. गिऱ्हाईकबी त्यानंच आणलं."

दुपारी नोंदणी कार्यालयात आम्ही साध्या वेशात उभे होतो. ठरल्याप्रमाणे घरमालक एकटाच आत गेला. त्याने पेन उघडून कागदावर टेकवलं, आणि ते पाहून ऐन वेळी हा सही करून बसेल की काय, अशी मला धास्ती वाटली.

"कर सही! उशीर केला त घरबी जाईन अन् इज्जतबी," सफारी सूटमधला तो इन्कमटॅक्सवाला दरडावत होता.

मी पुढे होऊन त्याला ओळखपत्र मागितलं. त्याच्याजवळ नव्हतंच; तो तोतया होता. गिऱ्हाईक त्याचाच मेहुणा निघाला. घर वाचलं.

ठाण्यात जबाब देताना तो तोतया हसून म्हणाला, "मी कोणाले हात लावला का, साहेब? मागे कोण राहते, एवढंच पुसलं. घाम त्याईलेच फुटला."

त्याचं हे बोलणं मला बोचलं. भीती घातली की माणूस खरं बोलतो, असं आम्ही ठाण्यात धरून चालायचो. इथे तर भीतीपायीच एक सरळ माणूस पोलिसांशी खोटं बोलला आणि स्वतःचं घर द्यायला निघाला. पुढे कुणालाही समोर बसवलं की, त्याला काय काय होणार नाही ते मी आधी सांगत असे. प्रश्न त्यानंतर विचारत असे.