गुणाचं मूल

मी लिहावं असं काही नाही. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच, तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्यावं.

होमिओपॅथीच्या आमच्या ओपीडीत मुलांचं वागणं पाहून औषध ठरवायला शिकवतात. कडेवर घेतलं की गप्प होणारं मूल वेगळं, खेळणं भिरकावणारं वेगळं. त्या दिवशी आलेली चार वर्षांची मुलगी मात्र आईच्या मांडीवर नुसती बसून होती.

"लई गुणाची हाय. कधी काही मागत न्हाई," आई कौतुकानं म्हणाली.

मी कागदावर 'शांत स्वभाव' लिहिलं. आम्हाला शिकवणाऱ्या मॅडमनी मुलीची खालची पापणी ओढून पाहिली. आत लाली नव्हती.

"अरे, हा स्वभाव नाही, अशक्तपणा आहे. अंगात रक्तच नाही. गोळ्या राहू देत, आत्ताच मोठ्या दवाखान्यात पाठव."

तेव्हापासून कुणी मुलाला शहाणं म्हटलं की मी दचकतो. हट्ट करायलाही अंगात बळ लागत असेल, हे मला कधी सुचलंच नव्हतं.

काल तिचे वडील एकटेच आले.

"रक्त चढवलं तवा लई भांडली आमच्याशी. फुगा पायजे, भेळ पायजे. आमी हसत हुतो," ते म्हणाले. मग म्हणाले, "पर रक्त टिकलं न्हाई. परवा गेली."