शनिवारी परत

धाकटीने आयुष्यात एकही कादंबरी शेवटपर्यंत वाचली नव्हती, आणि तरी त्या वाचनालयात कादंबऱ्यांविषयी तिच्याइतकी ठाम मतं दुसऱ्या कुणाचीही नव्हती. सत्तरी ओलांडली तरी सगळे तिला धाकटीच म्हणत. घरात बारा वर्षांनी मोठी ताई अजून होती, आणि ताई असेपर्यंत धाकटीला मोठं होण्याची सोय नव्हती.

नायिका खिडकीशी उभी राहून सुस्कारे सोडायला लागली की धाकटी पुस्तक मिटायची. "हिला दुसरं काम नाही, मला आहे." नायक मित्राला पानभर तत्त्वज्ञान ऐकवू लागला, मिटलं. पहिल्याच पानावर वंशावळ छापलेली दिसली तर घरी न्यायचंच नाही. "एवढे काका-मामा सांभाळायचे तर माणसाने स्वतःचे सांभाळावेत." या झाल्या नावडत्या. पण ज्या आवडत, ज्यांच्यापायी दूध उतू जायचं, त्याही ती शेवटच्या प्रकरणाच्या तोंडाशी आणून बंद करायची.

"शेवटचं प्रकरण म्हणजे दुकान आवरायची घाई," ती ग्रंथपालबाईंना सांगे. "एकाला मारायचं, दुसऱ्याला लग्नाला उभं करायचं, उरलेल्यांना परगावी धाडायचं. त्यात वाचण्यासारखं असतं काय?"

"म्हणूनच तुम्ही आणून दिलेल्या पुस्तकांची शेवटची पानं अशी करकरीत असतात," ग्रंथपालबाई म्हणत. लोक हसत. धाकटीही हसे. मत तिला शोभून दिसायचं.

पण ते मत तिने स्वतः कमावलेलं नव्हतं. पाठीला पोक यावा तसं ते तिला आलं होतं.

वडील लवकर गेले. आई गेली तेव्हा धाकटी शाळेत होती आणि ताई इस्पितळात नर्स. पुढे ताई मेट्रन झाली. इस्पितळात दर शनिवारी सकाळी चादरी, अभ्रे, टॉवेल मोजून धुलाईला जात. चादर मळलेली असो नाहीतर घडीसुद्धा न मोडलेली, शनिवारी ती जायचीच. ताईने तोच कायदा घरी आणला. वाचनालयाचं खातं तिच्या नावावर. रविवारी पुस्तक घरात यायचं, शनिवारी सकाळी बाहेर. वाचून झालं की नाही हा प्रश्नच नाही.

"ताई, थोडीच पानं राहिलीत ग."

"मग आठवडाभर काय करत होतीस?"

आठवडाभर ती भांडी, केर आणि अभ्यास करत होती. पुढे त्यात नोकरीची भर पडली. हे ताईला माहीत होतं, कारण कामं तिनेच वाटून दिलेली होती. पगार हातात आल्यावर धाकटीने स्वतःचं खातं का उघडलं नाही? उघडता आलं असतं. पण ज्या घरात सगळंच ताईच्या नावावर, तिथे वेगळं खातं म्हणजे वेगळी चूल मांडल्यासारखं झालं असतं. तेवढी धमक तिच्यात नव्हती. मग हळूहळू तिने ठरवून टाकलं की शेवट वाईटच असतात.

नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, हातात दोऱ्या. या टोकाचा माणूस त्या टोकाच्या माणसाला जोडून द्यायचा आणि आपण बाजूला व्हायचं. चुकून कानावर पडलेलं संभाषण अर्ध्यावर सोडून द्यायचं. तिथेही तेच.

त्या एक्स्चेंजला लाइनी तपासणारा एक तरुण होता. दिवसभर कुठल्या ना कुठल्या खांबावरून "हॅलो, हॅलो, ऐकू येतंय?" एवढंच म्हणायचं त्याचं काम. म्हणून मुलींनी त्याचं नाव हॅलोमास्तर ठेवलं. धाकटीचा बोर्ड तपासताना तो एक प्रश्न जास्त विचारायचा.

"हॅलो, ऐकू येतंय?"

"येतंय."

"सध्या काय वाचताय?"

ती सांगायची. रोज थोडं थोडं, खांबावर लटकलेल्या माणसाला कादंबरी ऐकवायची. तो मन लावून ऐकायचा, मध्येच "अरे बापरे" म्हणायचा. सोमवारी विचारायचा, "मग शेवटी काय झालं?"

"शेवटी शनिवार झाला."

यावर तो इतका हसायचा की लाइन खरखरायची. धाकटीला आयुष्यात कुणी एवढं हसून दाद दिलेली नव्हती.

एकदा तो म्हणाला, "रविवारी तुमच्या ताईंना भेटायला येऊ का?" तिने "या" म्हटलं आणि त्या रविवारी मुद्दाम ड्युटी घेतली, कारण बाहेरच्या खोलीत बोलणं चालू असताना आतल्या खोलीत बसून राहणं तिला जमलं नसतं. संध्याकाळी घरी आली तेव्हा दोन कप विसळून पालथे घातलेले होते.

"येऊन गेला," ताई म्हणाली, आणि इस्त्रीला बसली.

पुढचं ताई आपणहून सांगेल म्हणून धाकटी थांबली. ताईने सांगितलं नाही. काही दिवसांनी तपासणीच्या लाइनवर वेगळाच आवाज आला. हॅलोमास्तरने बदली मागून घेतली, असं मुली म्हणाल्या. धाकटीने तेव्हाही विचारलं नाही. उत्तराची भीती होती, आणि मानही आड येत होता. ताईने त्याला हाकललं असं तिने मनाशी धरलं, आणि ते तसंच धरून त्याच घरात, त्याच किटलीतला चहा पीत दोघी म्हाताऱ्या झाल्या.

आता काचबिंदूने ताईची दृष्टी गेली होती, आणि रोज धाकटी तिला कादंबरी वाचून दाखवत होती. ताई ऐकणारी म्हणून जहाल होती. नायिका तापाने फणफणली की म्हणे, "ताप असा चढत नाही. ह्याने कधी रोगी बघितलाय का?" कुणी पानामागून पानं मरत पडला की, "मरायला एवढं बोलावं लागत नाही." धाकटीला हे आवडायचं, हे कबूल करायला हवं. शेवटचं प्रकरण आलं की ती पुस्तक मिटायची. ताईचीही हरकत नसे, कारण प्रत्येक कादंबरीचा शेवट तिला न ऐकताच ठाऊक असायचा. "गेली असेल घरी. कुठे जाणार?"

पण गेल्या काही महिन्यांत ताईच्या डोक्यातून गोष्टी गळायला लागल्या होत्या. आधी शेजाऱ्यांची नावं, मग औषधांची. एक दिवस तिने विचारलं, "आपले वडील काय करायचे ग?" धाकटी घाबरली. वडिलांसाठी नव्हे. त्या रविवारचं जे काही होतं ते जगात फक्त या एका डोक्यात शिल्लक होतं, आणि ते डोकं रोज थोडं थोडं रिकामं होत होतं.

नेमकी तेव्हाच ती धुलाईवालीची कादंबरी घरात आली. नवरा परागंदा झालेली एक बाई कपडे धुण्याचं दुकान काढते, वाढवते, चार बायांना कामाला ठेवते. ताई पहिल्यांदाच गप्प बसून ऐकत होती. "हिला काम येतं," एवढंच एकदा म्हणाली. शेवटाआधीच्या प्रकरणात तो नवरा कित्येक वर्षांनी गल्ल्यापुढे येऊन उभा राहतो, हातात एक मळका शर्ट. इथे प्रकरण संपलं. धाकटीने पुस्तक मिटलं.

"पुढे?" ताई म्हणाली.

"पुढे शेवट."

"मग वाच की. ओळखते का ती त्याला? शर्ट घेते का?"

ताईने शेवट मागितला होता. धाकटीचा हात पुस्तकावरच राहिला. तो दिवस गुरुवार होता.

"वाचते," ती म्हणाली. "आधी तू एक सांग. त्या रविवारी हॅलोमास्तर आला होता, त्याला तू काय सांगितलंस?"

ताईने पदर चाचपला. मग डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "त्याचं आधीच ठरलेलं होतं ग. घरच्यांनी लहानपणीच ठरवलेलं. माझ्यापुढे ढसाढसा रडला. रुमाल इथेच विसरून गेला."

धाकटीने ऐकून घेतलं. "हा इंजिनियर आहे, ताई. मागच्या महिन्यातल्या जाडजूड कादंबरीतला. रुमालसुद्धा त्याचाच."

ताईने पदर खाली घेतला. "तुझ्या बरं लक्षात राहतं सगळं."

शुक्रवारी ताईने स्वतःच विषय काढला. "तुला लागेल म्हणून बोलले नव्हते. त्याची छाती खराब होती. मी नर्स, मला खोकल्यावरून कळलं. म्हणाला, तिला सांगू नका."

"हा खोकलाही कादंबरीतलाच. ऐकताना तुला पटला नव्हता. लेखकाला शिव्या घातल्या होत्यास."

"घातल्या असतील." ताई चिडली. "तुला हवंय तरी काय? शेवट ऐकायचाय मला, तर एवढी नाटकं!"

"मलाही शेवटच ऐकायचाय."

शनिवारी सकाळी चहा पिता पिता ताईने कप खाली ठेवला आणि, साखर कमी पडली हे सांगावं त्या आवाजात म्हणाली, "त्याने विचारलं, स्वभावाने कशी आहे. मी म्हटलं, कामाला चोख आहे, पण कुठली गोष्ट शेवटाला नेत नाही. वाचायला घेतलेली पुस्तकंसुद्धा अर्धी टाकते."

धाकटीने बशी खाली ठेवली.

"तो काय म्हणाला?"

"हसला."

"हसला?"

"हसला. चहा प्याला. म्हणाला, विचार करून कळवतो. काही कळवलं नाही. अजून विचारच करत असेल."

"ताई, पुस्तकं परत तू करायचीस."

"मग? शनिवारी परत करायची नाहीत तर काय करायचं? आणि मी खोटं काय सांगितलं? टाकायचीसच तू."

हे मात्र कुठल्याही कादंबरीतलं नव्हतं. यात रुमाल नव्हता, खोकला नव्हता, कुणी कुणाच्या पाया पडलं नव्हतं. चहाबरोबर सहज टाकलेलं एक वाक्य, तेही द्वेषाने टाकलेलं नव्हे. पुस्तकात हे आलं असतं तर धाकटीने तिथेच मिटलं असतं. एवढ्याशा कारणाने आयुष्य हुकतं होय, काहीतरी पटेल असं लिहा. म्हणूनच ते खरं होतं. राहता राहिलं त्याचं हसणं. ते लाइन खरखरवणारं हसणं होतं, की 'बरं झालं आधीच कळलं' असं म्हणणारं? ते ताईला तेव्हाही कळलेलं नसणार. त्या हसण्याचा फरक ओळखणारं जगात एकच माणूस होतं, आणि ते त्या दिवशी कानाला हेडफोन लावून परक्यांचे फोन जोडत होतं.

"आता वाच," ताई म्हणाली. "कबूल केलं होतंस."

धाकटी उठली. "आज शनिवार आहे. पुस्तक परत द्यायचंय."

"अग, वाचून दे! महिनाभर ठेवू देतात आता, तूच म्हणाली होतीस."

"आपल्याकडे शनिवार."

तिने दार ओढून घेतलं.

वाचनालयात वर्तमानपत्रांच्या लांब टेबलाशी ती बसली आणि उभ्या जन्मात पहिल्यांदा तिने शेवटचं प्रकरण उघडलं. लहानसं होतं. धुलाईवाली शर्ट हातात घेते. कुठल्याही गिऱ्हाइकाचा झटकावा तसा झटकते, खिसे तपासते, एक बटण नाही म्हणते. "नाव?" तो नाव सांगतो. ती ते पावतीवर लिहिते, अक्षरही हलत नाही. "मंगळवारी या," म्हणते, आणि रांगेतल्या मागच्या बाईच्या चादरी मोजायला घेते. संपलं.

धाकटीने ते पुन्हा वाचलं. खोट काढायची म्हणून वाचलं. कुणी मेलं नव्हतं, कुणाचं लग्न लागलं नव्हतं, कुणाला परगावी धाडलेलं नव्हतं. दुकान उघडंच होतं. ते दीड पान असं होतं की मागची सगळी पुन्हा पहिल्यापासून वाचावीशी वाटत होती. चांगला होता शेवट. म्हणजे शेवट चांगले असू शकत होते. म्हणजे भिंतीलगतच्या त्या सगळ्या कपाटांमधून ती आयुष्यभर वरची साय सोडून खालचं पाणचट दूध पीत आली होती, आणि वर लोकांना सांगत सुटली होती की साय कडू असते. ताईचा राग नंतर आला. आधी आली ती त्या आपल्या शोभिवंत मताची किळस.

"आज चक्क बसून वाचताय?" ग्रंथपालबाईंनी विचारलं. "कसा आहे शेवट?"

"पाय दुखले म्हणून बसले होते," धाकटी म्हणाली आणि पुस्तक टेबलावरून सरकवलं.

घरी ताई त्याच खुर्चीत दाराकडे तोंड करून बसली होती. चपला वाजल्याबरोबर म्हणाली, "आलीस? तू वाचून आलीस, मला माहीत आहे. काय केलं तिने? शर्ट घेतला का?"

रस्ताभर घोळवलेलं वाक्य धाकटीने आता बाहेर काढलं. "मला काय ठाऊक? अर्धीच टाकली. माझा स्वभावच तसा. तूच सांगितलंस ना त्याला."

ती उत्तराची वाट बघत उभी राहिली. ताईच्या भुवया जवळ आल्या. आंधळे डोळे धाकटीच्या आवाजाकडे वळले, आणि त्या चेहऱ्यावर नुसता प्रश्न होता.

"त्याला म्हणजे कुणाला ग?"

धाकटीने पिशवी खुंटीला अडकवली.

"घेतला असेल," ताई आपल्याशीच म्हणाली. "नवराच तो. घेतला असेल घरात. कुठे टाकणार?"