कारगिलवाले लखनभाऊ

लखनलाल टेंभऱ्यांनी फौजेत बावीस वर्षं काढली आणि बावीस वर्षांत शत्रूचं तोंड पाहिलं नाही. पाहिले ते घोड्यांचे खूर. घोड्याच्या तोंडाकडे पाठ करायची, त्याचा पाय आपल्या दोन गुडघ्यांत धरायचा, वाढलेला खूर कापायचा, नाल ठोकायची. लाथ बसली तर एक शिवी हासडायची आणि पुन्हा तोच पाय धरायचा. कंबर वाकली ती कायमचीच. आता यात लाजण्यासारखं काय होतं, तुम्हीच सांगा!

पण माणूस भलत्याच ठिकाणी फसतो. नव्व्याण्णव साली कारगिलची लढाई झाली तेव्हा लखनभाऊ पार उत्तर प्रदेशात, घोड्यांच्या डेपोत होते. दिवाळीला सुट्टीवर आले तर कोहमाऱ्याच्या फाट्यावर अर्धा गाव ढोल घेऊन उभा! गळ्यात हार पडले, ढाब्यावाल्यानं फुकट चहा पाजला. "मी तिथं नव्हतो," एवढंच बोलायचं होतं. ढोलाच्या आवाजात ते राहून गेलं, आणि त्या दिवशी राहिलं ते दहा वर्षं राहिलं. कोणी लढाईचं विचारलं की भाऊ म्हणायचे, "ते गुप्त असते." बायकोला, धनवंताला, तेवढं खरं माहीत होतं, डेपोतून पत्रं तिलाच तर यायची. ती म्हणायची, "एक दिवस तोंडघशी पडान तुमी." भाऊ ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

त्यांच्या ओसरीवर एक चित्र होतं. डेपोतल्या डॉक्टरसाहेबांनी टाकून दिलेल्या कॅलेंडरचं पान भाऊंनी काच लावून घेतलं होतं. मूळ चित्र हॉलंड देशातलं, साडेतीनशे वर्षं जुनं, असं साहेब म्हणाले होते. तंबू, पांढरा घोडा, त्याचा पाय धरून वाकलेला नालबंद. एक शिपाई झाडाखाली बसून जेवतोय, एक घोरतोय, आणि एक तर चक्क पाठ फिरवून लघवीला उभा. गावची माणसं खो खो हसायची. "हे कोणती फौज गा भाऊ? लढून तं कोणीच नाही राहिला!"

दोन हजार नऊ साली, लढाईला दहा वर्षं झाली म्हणून, सरपंच टेकचंदच्या मनात आलं की शाळेच्या भिंतीवर भाऊंचं चित्र काढायचं. हातात बंदूक, मागे बर्फाचा डोंगर. सडक अर्जुनीचा छोटेलाल पेंटर ठरला. ट्रकच्या मागचे मोर तोच काढायचा. पंधरा ऑगस्टला पाहुणी म्हणून शेजारच्या गावच्या अनुसयाबाईंना बोलावलं. त्यांचा एकुलता एक पोरगा, धनेंद्र, कारगिलात कामी आला होता.

छोटेलाल अंगणात माप घ्यायला आला. भाऊंच्या हातात काठी देऊन म्हणाला, "भैया, बंदूक कैसे पकडते थे, जरा बताओ." भाऊंनी काठी खांद्याला लावली, मग काखेत धरली, मग परत खांद्याला. बंदूक धरली होती ती भरती झाल्यावरच्या ट्रेनिंगात, तेवढीच. नेमक्या त्याच वेळी अनुसयाबाई फाटकातून आत आल्या. धानाचा रोवणा आटोपला होता, पंधरा ऑगस्टपर्यंत त्यांना दम निघाला नव्हता.

"लखन, तू तिथं होतास," त्या उभ्या उभ्याच म्हणाल्या. "माहा धनेंद्र दिसला का रे तुले? कसा होता?"

'दिसला माय, हसून राहिला होता,' एवढं म्हटलं असतं तर म्हातारी सुखानं घरी गेली असती. भिंतीवर बंदूकही आली असती. भाऊंच्या ओठांवर ते आलंही होतं. पण त्या माउलीच्या तोंडाकडे पाहून कोण खोटं बोलेल! त्यांनी काठी खाली टाकली.

"मी तिथं नव्हतो, माय. मी डेपोत घोड्यांले नाल ठोकून राहिलो होतो. दहा वर्षं खोटं चाललं."

अनुसयाबाई रडल्या नाहीत. "माह्या पोराचे हार तुह्या गळ्यात पडले, अन् तू पडू देले! लाज नाही वाटली?"

"वाटली माय. रोज वाटली."

त्या जायला वळल्या, आणि ओसरीवरचं चित्र समोर आलं. "हे काय हाये?"

"फौज."

"अशी?"

"अशीच राहते, माय. लढाई थोडे दिवस. बाकी जेवणं, झोपणं, जनावराची चाकरी."

त्या कितीतरी वेळ पाहत राहिल्या. दहा वर्षं पोरगा डोळ्यांपुढे यायचा तो झेंड्यात गुंडाळलेल्या पेटीतच. त्यांनी जेवणाऱ्या शिपायावर बोट ठेवलं. "मंग धनेंद्र बी असा बसून जेवला असन?"

"हे खोटं नाही सांगत, माय. जेवला असन. पोटभर."

"बंदूक कायले पायजे मंग?" त्या छोटेलालला म्हणाल्या. "हेच काढ भिंतीवर."

त्याच संध्याकाळी भाऊंनी ग्रामपंचायतीत उभं राहून सगळं सांगून टाकलं. टेकचंदनं कपाळावर हात मारला. ढाब्यावरचा चहा बंद झाला, पोरं मागून "नालवाला, नालवाला" ओरडू लागली. पण अनुसयाबाईंच्या शब्दाला नाही कोण म्हणणार? शाळा आहे म्हणून लघवीवाला तेवढा गाळला.

पंधरा ऑगस्टला भिंतीवर तंबू होते, पांढरा घोडा होता, त्याचा पाय धरून लखनभाऊ वाकले होते. झाडाखाली आपल्या फौजेच्या वर्दीत धनेंद्र मांडी घालून बसला होता; फोटोवरून चेहरा बरा साधला होता. झेंडावंदन झालं तशा अनुसयाबाई भिंतीजवळ गेल्या. पदरानं चष्मा पुसला.

"ताट रिकामं काऊन?"

छोटेलाल गोरामोरा झाला. त्यानं घाईघाईनं पांढऱ्या रंगाचा डबा उघडला आणि ताटात भाताचा लहानसा ढीग काढला.

"झालं का, माय?" लखनभाऊंनी विचारलं.

त्या ताटाकडे पाहत होत्या.

"आणखी वाढ," त्या म्हणाल्या.