आईच्या स्कॅनची सीडी

लातूरच्या डॉक्टरांना आईचं गेल्या वर्षीचं स्कॅन हवं होतं, आणि तेही सीडीवर. नवं स्कॅन त्यांच्याकडेच झालं होतं. दोन्ही शेजारी ठेवून बघायचं, डोक्यातली गाठ वाढली असेल तर ऑपरेशन, तेवढीच असेल तर गोळ्यांवर थांबायचं, असं त्यांनी सरळ सांगितलं होतं. मोबाइलवरचे फोटो चालणार नव्हते. पेन ड्राइव्ह ते मशीनला लावूच देत नव्हते, व्हायरसच्या भीतीने.

मूळ सीडी ओरखडे पडून गेली होती. आमच्या नांदेडच्या ज्या सेंटरमध्ये ते स्कॅन झालं, तिथे सीडी देणं बंद झालं होतं. त्यांनी लिंक पाठवली, मी सगळं उतरवून घेतलं. माझे वडील, अप्पा, झेरॉक्सच्या दुकानांत विचारून आले. एकाने हसून सांगितलं म्हणे, "काका, सीडी आता शेतात बांधतात, पाखरं हाकलायला." मग अप्पांनीच बाजारातून लॅपटॉपला बाहेरून लावायचा सीडी रायटर आणि कोऱ्या सीडींचं पाकीट आणलं.

माझ्या जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स आहे. हॉस्टेलमधल्या एका सीनियरने ते टाकून दिलं होतं. मला ते आवडतं, कारण काही बिघडलं तर कोणाच्या समोर उभं राहून विचारावं लागत नाही. मी इंग्रजी शाळेत शिकले. घरातलं सगळं बोलणं मला कळतं, पण उत्तर द्यायला मी अर्धा क्षण उशीर करते आणि तेवढ्यात लोक पुढच्या विषयावर गेलेले असतात. इंटरनेटवरच्या फोरमवर उशिरा उत्तर दिलं तरी कोणी तोंडाकडे बघत नाही.

आम्हाला दुपारची बस धरायची होती. डॉक्टर संध्याकाळी बसणार आणि दुसऱ्या दिवसापासून बाहेरगावी जाणार होते. सकाळी पहिली सीडी लावली. ती सुरुवातीलाच थांबली. दुसरीही थांबली. लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागला आणि माउसचा बाण जागीच अडकला.

अप्पा दाराशी बॅग घेऊन उभे. "तुझ्या त्या लिनक्सला लई माज हाय. माझ्या दुकानातला वजनाचा काटा बघ, एक चापट मारली की सरळ."

"अप्पा, प्लीज."

"न्हाई, मी काय म्हटलं? मार की एक."

प्रोसेसर कोण खातंय ते दाखवणारी कमांड मी चालवली. सगळ्यात वर एक नाव बसलं होतं. कॉम्प्युटरवर आलेल्या प्रत्येक फाइलची नोंद ठेवणारा तो प्रोग्राम होता, मागे आपोआप चालणारा. स्कॅन म्हणजे शेकडो बारीक फाइली. तो एकेक उघडून आत काय आहे ते समजून घ्यायला बघत होता, आणि समजत नव्हतं म्हणून पुन्हा उघडत होता. त्याच्या गर्दीत रायटरला वेळेवर काही पोचत नसणार. मी त्याला बंद केलं. पंखा शांत झाला. मला वाटलं, झालं.

तिसरी सीडीही गेली.

आई पलंगावर बसून शेंगा फोडत होती. डाव्या हातातली शेंग अधूनमधून निसटायची. ती उचलायला वाकली की मी स्क्रीनकडे बघायचे.

या वेळची एरर वेगळी होती. लेझरची ताकद जुळवता येत नाही, असं तिचं म्हणणं. फोरमवर लोकांनी कारणं लिहिली होती: सीडी खराब, वीज कमी, किंवा लेन्सवर घाण. वेग सगळ्यात कमी केला. वायर दुसऱ्या पोर्टला लावली. चौथीही गेली. लेन्सचा विचार मी बाजूला ठेवला होता, कारण वस्तू नवीकोरी होती. शेवटी काहीच उरलं नाही म्हणून ट्रे ओढून रायटर खिडकीशी नेला. लेन्स ट्रेवरच असते, डोळ्याएवढी. तिच्यावर राखाडी भुकटी होती आणि बाजूच्या प्लास्टिकवर तीन बोटांचे पट्टे.

"आई, याला विभूती लावलीस?"

"लावली की. नवी वस्तू आणली तर देवापुढं न्हाई ठेवायची व्हय?"

"पण आत?"

"मग? काम आतच करून राहिलंय ना ते? वरून लावून काय उपयोग?"

अप्पा हसले. मग आईकडे बघून थांबले. स्कूटर आणली तेव्हाही तिने लावली होती, फ्रिजलाही, पण बाहेरून. दार उघडून आत लावलेली ही पहिलीच वस्तू. तिच्या इंजेक्शनांच्या वेळचं स्पिरिट कपाटात होतं. इअरबडवर थोडं घेऊन लेन्स पुसली.

"काय निघालं?" तिने विचारलं.

"धूळ."

"धूळ काय म्हणतीस, बोल की सरळ," ती म्हणाली आणि परत शेंगांकडे वळली.

पाकिटातली शेवटची सीडी होती. ती निघाली. नीट उतरली की नाही बघायला मधली एक फाइल उघडावी लागली. करड्या रंगात आईचं डोकं, आणि त्यात उजवीकडे एक पांढरट गोल. तोपर्यंत मी ते बघणं टाळलं होतं. रिपोर्टचे शब्द तेवढे वाचले होते. मी फाइल बंद केली आणि म्हणाले, चला.

बसमध्ये अहमदपूर येईपर्यंत आई झोपली. अप्पांनी सीडी शर्टाच्या आत, बनियनला लागून ठेवली होती. "वाकेल ती," मी म्हटलं. त्यांनी ती काढून माझ्या हातात दिली आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

लातूरला काउंटरवरच्या बाईंनी सीडी मशीनमध्ये टाकली. ती फिरायला लागल्याचा आवाज मला ऐकू आला. आत डॉक्टरांच्या पडद्यावर दोन डोकी शेजारी आली. ते बराच वेळ माउसचं चाक मागेपुढे करत राहिले. तीच फाइल पुन्हा आली. सकाळी बघितलेला गोल मला ओळखू आला. शेजारचा मोठा होता. डॉक्टरांच्या आधी मला कळलं असणार, कारण ते अजून मोजत होते.

"दोन्ही सारखंच दिसून राहिलंय ना गं?" आईने हळूच विचारलं, डॉक्टरांना नाही, मला.

मला नेहमीसारखा उशीर झाला. तेवढ्यात डॉक्टर बोलले, "वाढली आहे. ऑपरेशन करावं लागेल." अप्पांनी विचारलं, कधी. डॉक्टर म्हणाले, बाहेरगावाहून आल्याबरोबर.

बाहेर बाकावर आई पदर नीट करत बसली. अप्पा तारखेची चौकशी करायला गेले होते.

"न्हाई निघाली असती ती सीडी, तर आजचा दिवस तरी गेला असता," ती म्हणाली.

"हो."

"रागावून न्हाई म्हणत गं मी."

"माहितीय."

तिने डावा हात माझ्या मांडीवर ठेवला. तो जड होता आणि तिला त्याचं वजन कळत नव्हतं. अप्पा येईपर्यंत मी हलले नाही.