एरंडेल लावलेले वाल

वाटण्या झाल्या तेव्हा थोरल्या भावाने पनवेलच्या बाजारातले दुकान स्वतःकडे ठेवले आणि मला मागची, बाजाराच्या गल्लीत उघडणारी ओल धरणारी खोली दिली. ते मी अजून विसरलेलो नाही.

त्या खोलीत मी वालाचा धंदा मांडला. आमच्याकडे भात कापले की त्याच जमिनीत वाल होतात. चैत्रात ते स्वस्त असतात, श्रावणात महाग. मधले महिने दाणा पोखरणाऱ्या भुंग्यापासून राखले की कमाई. गावोगाव घासाघीस करून मी माल घेतला, उन्हात कडक वाळवला, तळहाताला एरंडेल लावून मूठमूठ चोळला. दगडांवर फळ्या टाकून वर धान्याची बांबूची कणगी ठेवली आणि सावलीत सुकवलेल्या कडुनिंबाच्या पाल्याचे थर देत ती भरली. होते नव्हते ते सगळे त्या कणगीत गेले.

श्रावणात कणगी उघडली. दाणा हातात घ्यावा तर गुळगुळीत, कुठे भोक नाही. भावानेही दुकानात वाल ठेवले होते; त्याच्या पोत्यांवर मात्र भुंगे फिरत होते. त्याने गिऱ्हाइकांना सांगायला सुरुवात केली, "त्याचे वाल तेलकट आहेत. मोड यायचे नाहीत." बिरडं म्हणजे मोडाच्या वालांचीच उसळ, तिला मोड तर हवेतच. माझ्या दाराशी कोणी फिरकेना.

मी भांडायलाच निघालो होतो. बायको म्हणाली, "ओरडून मोड येणार आहेत का? भिजत घाला."

मी दारातच, सगळ्यांना दिसतील असे वाल भिजवले आणि दुसऱ्या दिवशी फडक्यात बांधून टांगले. येणारेजाणारे बघत. मोड येण्याच्या दिवशी कोन गावची एक आगरी बाई समोर येऊन उभी राहिली.

"सोडा शेट, बगू तरी."

गाठ सोडली. पांढरे मोड वर आले होते. बाईने बोटाने दाणे उलटेपालटे केले.

"यो नाय फुटला. यो बी नाय."

"बाई, तुमची सगळी पोरं सारखी निघाली का?"

"नाय. पन आमी त्यांना इकाया नाय बसलो!"

बाजार हसला. तिने भाव पाडला, वर मूठभर जास्त घेतले, आणि तिच्यामागे रांग लागली.

संध्याकाळी मागच्या दाराने वहिनी आली. "भावजी, घरात बिरडं करायचंय. यांना कळू देऊ नका."

मी तिला बाजारभावानेच दिले.

भावाने ते मिटक्या मारत खाल्ले, असे वहिनीनेच पुढे सांगितले. बाजारात मात्र माझ्या वालांविषयी त्याने शेवटपर्यंत चांगला शब्द काढला नाही.