दुधाला आमेन

आईच्या कानाचं मशीन अजून कपाटात आहे, त्याच्या निळ्या डबीत. सेल काढून ठेवलेत. द्यायचं म्हटलं तर कुणाला देणार, ते ज्याच्या त्याच्या कानाच्या मापाचं असतं. टाकवतही नाही. कपाट उघडलं की डबी दिसते आणि मी काढायचं ते न काढताच कपाट लावून टाकतो. आज लिहायला बसलो ते त्यामुळंच. चर्चमध्ये हे मी कुणाला सांगितलेलं नाही, पाळकसाहेबांनाही नाही. बायकोला अर्धं सांगितलंय.

आईला ते मशीन कधी आवडलं नाही. कानात शिट्टी वाजते म्हणायची, माणसं भांडी आपटल्यासारखी बोलतात म्हणायची. दिवसभर कसंबसं ठेवायची आणि दिवेलागणीला काढून माझ्या हातात द्यायची. मग मी तिला पेज भरवायचो आणि त्यानंतर आमची संध्याकाळची प्रार्थना. घरातला जुना नेम. आधी वडील चालवायचे, ते गेल्यावर माझ्याकडं आला. खाटेशेजारी स्टूल ओढायचं, तिचा हात हातात घ्यायचा, डोळे मिटायचे आणि मोठ्यानं प्रार्थना करायची. शेवटी ती आमेन म्हणायची.

आईच्या शेवटच्या उन्हाळ्यात बायको लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेली होती. कळंब्याच्या घरात आम्ही दोघंच. एका संध्याकाळी फाउंड्रीतून आलो तो घसा धुरानं बसलेला. मशीन काढलेल्या माणसापुढं मोठ्यानं कशाला बोलायचं, असं वाटलं आणि नुसते ओठ हलवले. पण ओठ हलवायलाही काहीतरी लागतं, नाहीतर रवंथ केल्यासारखं दिसतं. म्हणून जे डोक्यात होतं तेच बिनआवाजी म्हणत राहिलो. दूधवाल्याला उद्या अर्धा लिटर जास्त सांगायचंय. गॅसचा नंबर लावायचाय. आईचे डायपर संपत आलेत. सकाळच्या पांढऱ्या गोळ्या आणायच्यात. मग तिचा हात दाबून थांबलो. आई म्हणाली, "आमेन."

दुसऱ्या दिवशी घसा बरा होता. तरी तसंच केलं. मग तेच सुरू झालं.

हे नीट सांगायला हवं, कारण आळसानं झालं असं वाटेल. माझा विश्वास एका दिवसात गेला नाही. कुणी अवेळी मेलं, कुणी फसवलं, मी देवावर रुसलो, असलं काही घडलं नाही. मोठ्या तापातून उठलं की तोंडाला चव नसते, जेवण मात्र वेळेवर चालू असतं, तसं काहीतरी झालं. चव येईल म्हणून वाट बघितली. आली नाही. आणि ती नाही हे कुणाला कळू नये म्हणून मी कामाला लागलो. चर्चचे बाक पुसले, म्हाताऱ्या माणसांना दवाखान्यात नेलं आणलं, मयतीला सगळ्यात आधी गेलो आणि खोऱ्यानं माती ओढून सगळ्यात शेवटी परतलो. लोक म्हणायला लागले, किती विश्वासू माणूस. मला चर्चच्या कारभारात पंच केलं. जितकं आत कोरडं पडत गेलं तितके हात जोरात चालायला लागले. कुणी थांबवलं असतं तर काय झालं असतं, ठाऊक नाही. चांगलं काम करणाऱ्याला कोण थांबवतं?

फाउंड्रीत माझं काम तपासणीचं. ओतलेला भाग हातोडीनं ठोकून बघायचा. आत भेग असली की आवाज बद्द येतो, वरून तुकडा कितीही गुळगुळीत असो. असे तुकडे दिवसभर बाद करायचे आणि बुधवारी कुणाच्या तरी घरी वचनाच्या, म्हणजे बायबलच्या, अभ्यासाला जाऊन पुढच्या खुर्चीवर बसायचं.

आमच्या लोकांत एक जुना वाद आहे. माणसाचं तारण, म्हणजे पापातून सुटका आणि स्वर्गात जागा, कशानं होतं, विश्वासानं की सत्कर्मांनी? एक प्रेषित लिहितो, विश्वास पुरे. दुसरा लिहितो, कामं नसतील तर तो विश्वास मेलेला. दोघंही आमचेच, त्यामुळं वाद मिटत नाही. एका बुधवारी एक निवृत्त मास्तर तावातावानं म्हणाले, "म्हणजे बघा, एकानं जन्मभर दारू ढोसून बायकोला बडवलं आणि मरताना विश्वास ठेवला, तर तो आत. आणि आमच्या गल्लीतला डॉक्टर गरिबांना फुकट तपासतोय, तो बाहेर. हा कुठला न्याय ओ पाळकसाहेब?"

"न्याय नाही मास्तर, कृपा आहे ती," पाळकसाहेब म्हणाले. ते तरुण, नुकतेच आलेले. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

मी खाकरून सांगितलं. कामांनी कुणाचं तारण होत नाही. कामं ही फळं, झाड जिवंत आहे हे त्यावरून कळतं, एवढंच. आणि विश्वास ज्याचा त्याचा. बापाच्या विश्वासावर पोराला आत घेत नाहीत आणि आईच्याही नाही. मी हे चांगलं सांगतो. आवाज कुठं खाली आणायचा ते मला येतं.

मास्तर हसले. "तुमचं झाड तर लगडलंय की ओ! मुळं दाखवा बघू एकदा."

सगळे हसले. मीही हसलो आणि चिवड्याची बशी पुढं सरकवली.

दिवसा मी कामावर असताना आईपाशी शेजारच्या अक्का बसायच्या. जैन घरातल्या, सूर्य मावळायच्या आत जेवण उरकणाऱ्या, बटाटा कांदा न शिवणाऱ्या. त्यांच्या मुलाचं सराफी दुकान. आईला त्या मावशी म्हणायच्या. आई दवाखान्यात आया होती, तेव्हापासून सगळ्या गल्लीचीच ती मावशी. दोघींचं चांगलं जमायचं, फक्त आईला अक्कांच्या आत्म्याची काळजी लागून राहिलेली. एका रविवारी मी घरी असताना तिनं सरळच विचारलं, "अक्का, तुझं तारण झालंय का गं?"

"तारण व्हय? आमच्या दुकानावर बोर्डच हाय की मावशी, सोनेतारण. या कधी बी."

"थट्टा करू नगंस. माझ्यापायी येशूनं जीव दिला."

"तुमचं बरं हाय की. सोसलं एकानं, सुटलं दुसरंच. आमच्यात असलं चालत न्हाय. ज्याचं त्यानं फेडायचं. सख्खी आई असली तरी लेकराच्या वाटचं तिला घेता येत न्हाय."

"मग आईचा उपेग काय?" आई म्हणाली.

अक्का हसल्या. आईच पुढं म्हणाली, "आणि त्या तुझ्या दुकानातलं तारण? ते दुसऱ्यापायी ठिवता येतंय?"

"येतंय की. पोरानं दुकान काढलं तवा माझ्याच पाटल्या नव्हत्या का ठिवल्या?"

"हां," आई म्हणाली आणि डोळे मिटून पडली. मी आत चहा टाकत होतो. ते बोलणं मी गमतीचं म्हणून ऐकलं आणि विसरलो.

पाऊस सुरू झाल्यावर आई उतरत गेली. बायको अजून पुण्यातच होती. पायांवर सूज आली, दोन घास पेज खाऊन मान फिरवायला लागली. डॉक्टरांनी बाहेर नेऊन मला सांगितलं, हृदय थकलंय, आता दवाखान्यात हलवून हाल करू नका. मी घरी आलो, तिला पुसून घेतलं, कपडे बदलले, पाठीला पावडर लावली. दिवे लागले. तिनं मशीन काढून दिलं. मी डोळे मिटून ओठ हलवले आणि हात दाबला.

आमेन आलं नाही.

डोळे उघडले तर ती माझ्या तोंडाकडं बघत होती. म्हणाली, "मशीन घाल."

मी घातलं.

"आता खरं सांग. तू येणार हाईस न्हवं तिकडं?"

"कुठं?" मी म्हटलं. मला कळलं होतं.

"मी चाललोय तिथं. तुझा बाप हाय तिथं. तू येणार का न्हाय तेवढं सांग. खात्री दे, म्हंजे मी सुखानं जातो."

"येणार की."

"आत्ता प्रार्थनेत काय मागितलंस?"

"तुला ताकद मागितली."

"खोटं. टाकीचा व्हॉल्व्ह गळतोय म्हणालास. दूधवाल्याला लवकर ये म्हणून सांगायचं म्हणालास."

माझ्या हातातला तिचा हात मला एकदम जड वाटला. "तुझे डोळे उघडे असतात?"

"मशीन काढल्यावर मी डोळ्यांनीच ऐकतो न्हवं? किती वर्षं झाली."

"मग आमेन का म्हणत होतीस?"

"का म्हंजे? तू देवाला सांगत हुतास. बाकीची माणसं मोठमोठं शबूद वापरत्यात. म्हटलं, माझा ल्योक घरातलं सांगतोय. दुधाचं, गॅसचं. मला ते बरं वाटायचं. मी दुधाला आमेन म्हणायचो."

इथं गप्प बसलो असतो तर सुटलो असतो. तिनं स्वतःहून माझ्यासाठी वाट काढून ठेवली होती, मान हलवायचा अवकाश. ती सुखानं गेली असती. पण मला धीर वगैरे आला असंही नाही. ओठ हलवायचा कंटाळा आला होता. इतका कंटाळा की मरणाऱ्या बाईचं सुख त्यापुढं मला दिसलं नाही.

"आई, मी देवाला सांगत नव्हतो," मी म्हटलं. "कुणालाच सांगत नव्हतो. मला तिकडं कुणी असल्यासारखं वाटत नाही."

"कधीपास्नं?"

"पोरगी शाळेत होती तेव्हापासून."

"आणि चर्चमधी उभा ऱ्हाऊन सांगतोस ते?"

"पाठ आहे."

"मग माझं हगणंमुतणं काढतोस ते कशासाठी?"

"काढायला लागतं म्हणून."

तिनं आपल्या हातानं मशीन काढलं, उशाशी ठेवलं आणि भिंतीकडं तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी कामावरून आलो तर अक्का दारातच उभ्या. "मावशी आज बोलत न्हाईत. सकाळपास्नं पाण्याशिवाय काय घेतलं न्हाय. काय म्हणालासा त्यास्नी?"

"काही नाही अक्का."

"काय न्हाय कसं? काय तरी म्हणालासा."

मी चपला काढून आत गेलो. आयुष्यभर तिनं एकच गोष्ट गाठीला बांधली होती, सगळी तिकडं भेटणार. मी खरं बोलायचं म्हणून तीच सोडवून घेतली. इतकी वर्षं खोटं बोललो त्याचा जेवढा भार वाटला नव्हता, तेवढा त्या एका खऱ्या वाक्याचा वाटला. पेज केली, ती तिनं घेतली. चार घास. मला तेवढ्यानंही रडू आल्यासारखं झालं, मग नाही आलं.

दिवे लागले. मी मशीनसाठी हात पुढं केला. तिनं कानावर तळवा झाकला.

"ऱ्हाऊ दे आज. आज मी करतो."

आणि तिनं डोळे मिटले. बहिरी माणसं बोलतात तसं ती ओरडूनच बोलायची, पलीकडं अक्कांना सगळं ऐकू गेलं असणार.

"देवा, ह्याच्याकडं विश्वास न्हाय. मला परवा कळलं, न्हवं, काल कळलं. कामं हाईत, ढीगभर, पर कामानं भागत न्हाय असं हाच लोकांस्नी शिकवतोय. तवा माझा घे. माझ्याकडं हाय तेवढा ह्याच्या नावानं तारण ठेव, अक्कानं पाटल्या ठिवल्या तशा. आणि माझं काय कमी पडत असंल तर ह्यानं माझं काढलंय ते धर. आणि मला लौकर ने. ह्याची कंबर दुखतीय."

बुधवारी कुणी असली प्रार्थना केली असती तर मी नंतर बाजूला घेऊन समजावलं असतं. एकाचा विश्वास दुसऱ्याच्या नावावर चालत नाही. कामं तर धरतच नाहीत, तीही दुसऱ्याची. सगळंच चुकलेलं. पंच म्हणून मला ते शब्दाशब्दाला कळत होतं, आणि मी खालमानेनं तिचा हात धरून बसलो होतो.

ती थांबली. मी म्हटलं, "डायपर बदलू का?"

"आधी आमेन म्हण."

आमेन म्हणजे तसे होवो. आम्ही रविवारच्या वर्गात पोरांना शिकवतो. मला विश्वास आहे, असं त्या शब्दात कुठं म्हटलेलं नाही. तसं व्हावं एवढंच. आणि तिनं मागितलं तसं व्हावं, तिला तिकडं कुणीतरी भेटावं, अगदी मीसुद्धा, असं मला त्या वेळी फार वाटत होतं.

"आमेन," मी म्हटलं.

"मोठ्यानं. मशीन घातलंय म्हणून काय झालं."

"आमेन."

"हां," आई म्हणाली आणि कुशीवर वळायला लागली. "बदल आता."