तिन्ही सिनेमांत आई कुठे गाते?

मंडळींनो, आज आमच्या समता कॉलोनीच्या मराठी मंडळात जोरदार वाद झाला. मीच केला.

गाण्यांचा एक जुना कौटुंबिक सिनेमा आणि त्याचे दोन रिमेक, तिन्हींतले तुकडे दाखवले. मग चर्चा. "जुन्याची सर कोणाले नाही," अध्यक्ष काका म्हणाले. सगळ्या पुरुषांच्या माना डोलल्या. आम्ही बायका आत चहा गाळून राहिलो होतो.

ट्रे घेऊन बाहेर आले न् मी म्हटलं, "काका, जुन्यात बाप गाते, पोट्टे गातेत, आजोबासुद्धा गातेत. आई फक्त वाढते. पहिल्या रिमेकमध्ये ती स्वयंपाकघरातून गुणगुणते. नव्यात सगळ्यांच्या मधात बसून पूर्ण गाणं म्हणते. मले नवाच आवडला!"

"अवं, ती गात बसली तर वाढीन कोण?" काका हसले. सगळे हसले.

फक्त माझ्या सासूबाई हसल्या नाहीत. "ठेव तो ट्रे," त्या मले म्हणाल्या. "बस माझ्यापाशी. घेतील आपापला."

मी बसले. चहा पार थंड झाला, तेव्हा कुठे एकेक जण कप घ्यायला उठला.

तुमच्या आवडत्या जुन्या सिनेमात आई गाते का? कमेंटमध्ये भांडायला या. पण आधी आपला कप आपण उचला.